उघडलेला डबा : टीव्ही गेमच्या फेरफारांचा आणि दुरुस्तीचा किनाऱ्यावरून पाहिलेला इतिहास

घरगुती व्हिडिओ गेम यंत्राचा इतिहास सहसा जपानी आणि अमेरिकी कंपन्यांच्या बाजूने सांगितला जातो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी बाजारात आले, ते किती खपले आणि कोणत्या कंपनीने कोणाला मागे टाकले, हे त्या कथनाचे ठरलेले टप्पे असतात. महाराष्ट्रात मात्र हा इतिहास टीव्ही मेकॅनिकच्या टेबलावरून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण येथे ‘टीव्ही गेम’ या नावाने ओळखले गेलेले हे यंत्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत क्वचितच जसे आले तसे चालू झाले. त्याला लागणारा विद्युतदाब वेगळा होता, त्याने पाठवलेला चित्रसंकेत येथील दूरचित्रवाणी संचाला कळत नव्हता, आणि ज्या हवेत ते ठेवले जाणार होते त्या हवेचा विचार त्याच्या रचनाकारांनी केला नव्हता. त्यामुळे जगात अन्यत्र ज्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणजे हौसेने केलेला फेरफार म्हटले जाते, तो येथे खेळ सुरू होण्याची पूर्वअट होता. दुरुस्तीची वेळ त्यानंतर येई.

या इतिहासाकडे पाहण्यासाठी बोर्डी हे गाव सोयीचे आहे. डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत आणि थेट अरबी समुद्राच्या काठावर वसलेले हे गाव १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते आणि त्या दिवसापासून नव्या पालघर जिल्ह्यात आले. पश्चिम रेल्वेचे घोलवड स्थानक गावाला जवळचे असून तेथून मुंबई सव्वाशेहून अधिक किलोमीटरवर आहे. सुरूची बने, चिकूच्या वाड्या, पारशी-इराणी बागायतदारांची घरे आणि पूर्वेला वारली पाडे अशी या परिसराची रचना आहे. येथील चिकूला २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. महानगराच्या बाजाराशी रेल्वेने जोडलेले, पण त्या बाजारापासून दिवसभराच्या खेपेइतके दूर, आणि खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यात असलेले, असे हे ठिकाण आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या आयुष्यावर यांतील प्रत्येक गोष्टीचा परिणाम होतो.

बोर्डीचे नाव खेळाच्या साधनांच्या इतिहासात आणखी एका कारणाने येते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर त्या कामात उतरल्या. पुढे हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मुलाच्या इंद्रियांना वळण लावणारी मापशीर घडवलेली साधने केंद्रस्थानी असत, आणि ती विकत घेणे खेड्यातील बालवाडीला परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा साधनामागचे तत्त्व कायम ठेवून शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतून तेच काम करणारी साधने उभी करण्यात आली. बालशिक्षणाच्या या प्रयोगाची आणि पुढच्या काळातील टीव्ही गेमच्या दुरुस्तीची सांगड घालणे काहीसे धाडसाचे आहे. एकामागे विचारपूर्वक मांडलेले शिक्षणशास्त्र होते, तर दुसऱ्यामागे केवळ अडलेले काम होते. तरीही परक्या ठिकाणी तयार झालेले खेळसाधन स्थानिक परिस्थितीत बसवताना त्यातले काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता, आणि तो या किनाऱ्यावर टीव्ही गेमच्या कितीतरी आधी विचारला गेला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेले मॅग्नावॉक्स ओडिसी हे पहिले घरगुती यंत्र अमेरिकेत १९७२ मध्ये विक्रीला आले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. हा योगायोग बोलका आहे. अमेरिकेत टीव्ही गेम घराघरांत असलेल्या संचाला जोडायचे उपकरण म्हणून आला, तर महाराष्ट्रात त्या वेळी मुळात संचच नवलाईचा होता. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते ‘पाल’ पद्धतीने. दूरचित्रवाणीचे चित्र वरून खाली आडव्या रेषांनी रंगवले जाते; पाल पद्धतीत अशा ६२५ रेषा असून चित्राचा अर्धा भाग सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो. अमेरिका आणि जपान येथील ‘एनटीएससी’ पद्धतीत रेषा ५२५ आणि वारंवारता ६० असते. रंगाची माहिती वाहून नेणारी लहरही दोन्हींत निराळी, पालमध्ये सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झची आणि एनटीएससीत सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची असते. परदेशातील नातेवाइकाने सामानातून आणलेला टीव्ही गेम येथे जोडला की चित्र वरखाली पळू लागे आणि रंग दिसत नसे, याचे कारण एवढेच होते.

यावर पहिला उपाय संचाच्या पाठीमागे असे. जुन्या संचांना ‘व्ही-होल्ड’ नावाची छोटी खुंटी असे, जी फिरवली की चित्राची उभी गती जुळवता येई. ती थोडी पुढे नेली की ६० वारंवारतेचे पळणारे चित्र जागी थांबे. रंग त्याने येत नसे, पण कृष्णधवल संचाला रंगाशी कर्तव्यच नव्हते. म्हणजे ज्या घरात अजून साधा काळा-पांढरा संच होता, तेथे अमेरिकी यंत्र रंगीत संचाच्या घरापेक्षा कमी कटकटीने चालू शकत असे, ही या इतिहासातील एक गमतीची विसंगती आहे. चॅनल जुळवण्याचा प्रश्नही असाच अर्धवट सुटे. टीव्ही गेमचा संकेत अँटेनाच्या जागेतून संचात शिरावा म्हणून यंत्रात ‘मॉड्युलेटर’ बसवलेला असे. हा छोट्या पत्र्याच्या डबीतला भाग चित्राला एखाद्या प्रक्षेपण केंद्रासारखी रेडिओलहर देतो. अमेरिकी तिसऱ्या चॅनलची चित्रलहर ६१.२५ मेगाहर्ट्झची, तर पाल-बी पद्धतीच्या चौथ्या चॅनलची ६२.२५ मेगाहर्ट्झची, तेव्हा ट्यूनर किंचित फिरवून हे अंतर मिटवता येई. ब्रिटनहून आलेल्या यंत्रांची लहर मात्र यूएचएफ पट्ट्यात असे आणि त्या काळच्या बहुतेक भारतीय संचांत केवळ व्हीएचएफ ट्यूनर असल्याने तेथे खुंट्या फिरवून काहीच साधत नसे. यंत्र उघडावेच लागे.

आवाजाची अडचण अधिक चिवट होती. चित्रलहरीपासून ध्वनिलहर किती अंतरावर ठेवायची, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत: भारतात ५.५, ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये ६, अमेरिकेत ४.५ मेगाहर्ट्झ. त्यामुळे हाँगकाँगहून आणलेला पाल टीव्ही गेम येथे रंगीत चित्र व्यवस्थित दाखवी, पण मुका राही. त्याच्या मॉड्युलेटरमधील ध्वनीची कॉइल, म्हणजे फेराइटचा गाभा असलेले तारेचे छोटे वेटोळे, प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फिरवत आवाज स्वच्छ होईपर्यंत न्यावे लागे. ड्रायव्हर धातूचा असेल तर तो जवळ असतानाच कॉइलचे माप बदलते आणि हात काढल्यावर आवाज पुन्हा खरखरतो, म्हणून प्लॅस्टिकचा. रेडिओच्या काळापासून आयएफ कॉइल जुळवण्याचा सराव असलेल्या मेकॅनिकला हे काम नवे नव्हते. टीव्ही गेमच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्रात वेगळा व्यवसाय उभा राहिला नाही, तो रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातच सामावला गेला, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

या दुकानांचा कणा होता मुंबईचा लॅमिंग्टन रोड. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे अधिकृत नाव मिळूनही व्यापारात जुन्याच नावाने ओळखला जाणारा हा रस्ता ग्रँट रोड आणि मुंबई सेंट्रल या स्थानकांच्या जवळ आहे, आणि घोलवड-डहाणूकडून येणाऱ्यालाही पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गाने तो गाठता येतो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीने अशीच भूमिका बजावली. तयार परदेशी यंत्रांसाठी हाजी अलीजवळचे हिरा पन्ना आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचा मनीष मार्केटचा परिसर प्रसिद्ध होता. १९९१ पूर्वीच्या परवाना व्यवस्थेत अशा वस्तूंची सरळ आयात अवघड आणि महाग असल्याने माल प्रवाशांच्या सामानातून किंवा आडवाटेने येई, आणि मुंबई ते दमण हा किनारा सोने आणि घड्याळे यांच्या चोरट्या आयातीसाठी आधीपासून सीमाशुल्क खात्याच्या नजरेत होता. अशा मालाला हमीपत्र नसे. कंपनीचे सेवा केंद्र नसलेल्या देशात यंत्र बिघडले की जवळच्या मेकॅनिकशिवाय दुसरा वाली उरत नाही.

कायदेशीर मार्गही अर्थात होते. १९८६ मध्ये सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा टीव्हीला जोडायचा संगणक डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली भारतात आणला आणि त्यावर खेळणारी एक लहानशी पिढी तयार झाली. सेगाचे मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस या, मद्यासाठी अधिक प्रसिद्ध असलेल्या, कंपनीने वितरित केले. ८० टक्के आयात शुल्काला वळसा घालण्याची ती व्यवस्था असूनही त्याची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. टीव्ही गेम महाराष्ट्रातील लहान गावांपर्यंत पोहोचला तो या मार्गाने नव्हे.

तो पोहोचला तैवानी नकलेच्या मार्गाने. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेले ‘फॅमिकॉम’ हे मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली घडलेले यंत्र १४,८०० येनांना विकले जाई, आणि त्याची सगळी करामत रिकोच्या दोन आयसींमध्ये होती: एक हिशेब करणारी आणि आवाज काढणारी, दुसरी चित्र रंगवणारी. कामाची स्मृती केवळ २ किलोबाइट होती. ही रचना इतकी मोजकी होती की तैवानमधील यूएमसी या कंपनीने दोन्ही आयसींच्या नकला तयार केल्या आणि त्यांच्याभोवती असंख्य कारखान्यांनी आपापल्या नावाचे प्लॅस्टिकचे डबे चढवले. भारतात समुराई, लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशी नावे १९९० च्या दशकात घरोघरी झाली. मुलांच्या लेखी ती सगळी एकच वस्तू होती, आणि मेकॅनिकच्याही लेखी, कारण डबा उघडला की आत त्याच दोन चाळीस पायांच्या आयसी आणि तोच साठ पिनांचा खाचा सापडे.

या नकलांतील एक फेरफार कारखान्यातच झालेला होता आणि तो दाद द्यावी असा आहे. निन्टेंडोने युरोपसाठी काढलेल्या ५० वारंवारतेच्या यंत्रात प्रोसेसरची गती १.७९ मेगाहर्ट्झवरून सुमारे १.६६ वर आणली होती आणि चित्राच्या वेळेची गणितेही बदलली होती, त्यामुळे जपानी खेळ त्यावर अडखळत. यूएमसीच्या पाल नकलेत प्रोसेसर सुमारे १.७७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ मूळ गतीवर ठेवला, आणि ५० वारंवारतेमुळे प्रत्येक चित्रामागे जो जादा वेळ उरतो तो अशा जागी टाकला की जपानी खेळाला फरक जाणवू नये. परिणामी जपानसाठी लिहिलेली जवळजवळ कोणतीही ‘कॅसेट’, म्हणजे खेळाची स्मृती असलेली खोबणीत बसवायची पेटी, भारतीय संचावर चाले. मात्र खेळाची चाल चित्रांच्या संख्येला बांधलेली असल्याने ६० च्या जागी ५० चित्रे झाली की सगळे सहापैकी पाच भाग वेगाने होई. मारिओची उडी संथ आणि संगीताची लय विलंबित, पण प्रोसेसर जवळपास मूळ गतीचा असल्याने सूर मात्र फारसा न उतरलेला. या पिढीच्या कानात ते संगीत त्याच लयीत बसले आहे, आणि मूळ जपानी यंत्रावर ऐकले की ते घाईत वाजल्यासारखे वाटते.

किनाऱ्यावर या यंत्राचा सगळ्यात कमजोर भाग होता कॅसेट आणि खाचा यांचा सांधा. कॅसेटच्या कडेला तांब्याचे तीस-तीस चपटे ‘दात’ दोन्ही बाजूंनी असतात आणि खाच्यातील स्प्रिंगसारख्या पिना त्यांना घट्ट धरतात. चांगल्या कॅसेटच्या दातांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. स्वस्त नकलांत तो अत्यंत विरळ किंवा कथलाचा असे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, पावसाळ्यात हवेतील ओल त्यांना विरघळवते, आणि मुलाम्यातील बारीक छिद्रांतून हे खारट पाणी खालच्या तांब्यापर्यंत पोहोचले की तेथे हिरवट-काळपट थर चढतो जो वीज नीट वाहू देत नाही. साठापैकी एका जरी दाताचा संपर्क तुटला तरी प्रोसेसरला चुकीची माहिती मिळते, आणि पडद्यावर करड्या चौकटी किंवा तुटलेल्या अक्षरांचा सडा दिसतो. कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची, हा मुलांचा सार्वत्रिक उपाय होता. तो बहुतेकदा लागू पडे तो फुंकरीमुळे नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात म्हणून. श्वासातील ओलाव्याने मात्र गंज वाढे. म्हणजे बोर्डीसारख्या ठिकाणी समुद्र आणि मुले असे दोघे मिळून तो सांधा खात होते.

मेकॅनिकचा उपाय साधा होता आणि आजही त्याहून चांगला सापडलेला नाही. कॅसेटचे दात पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने, कडेकडे, घासायचे. उलटसुलट घासले तर दात मूळ पाटीवरून उचकटण्याची भीती असते. मग कापडाच्या चिंधीवर स्पिरिट घेऊन रबराचा चुरा आणि तेलकटपणा पुसायचा, आणि पूर्ण वाळू द्यायचे. पॉलिश पेपर वापरला की दात क्षणात चकचकीत होतात, पण उरलासुरला मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच कॅसेट आधीपेक्षा वाईट अवस्थेत परत येते. खाच्यातील पिना सैल झाल्या असतील तर टाचणीने एकेक पिन किंचित आत वाकवायची, हे काम सलग करण्याला धीर लागतो आणि त्यात एक पिन मोडली तर सगळा खाचा बदलावा लागतो. रिमोटची, म्हणजे हातात धरायच्या नियंत्रकाची, बटणे दाबून काम करेनाशी झाली तर दोष बहुधा रबराच्या टोकावरील काळ्या कार्बनचा असे. तो झिजला की बाद झालेल्या टीव्ही रिमोटच्या रबराचा तुकडा कापून चिकटवला जाई.

विजेची कथा वेगळी. यंत्राला आतून ५ व्होल्ट लागतात आणि ते ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर पुरवतो. अडाप्टरकडून आलेले ९-१० व्होल्ट तो ५ वर आणतो आणि मधला फरक उष्णता म्हणून टाकून देतो. यंत्राने अर्धा अँपिअर घेतला तर ९ व्होल्टच्या अडाप्टरवर रेग्युलेटर २ वॅट उष्णता टाकतो, पण त्याच स्वस्त अडाप्टरने १३ व्होल्ट दिले तर ४ वॅट, म्हणजे दुप्पट. ग्रामीण वाहिनीवर शेतीपंपांचा भार बदलला की विद्युतदाब कमी-जास्त होतो, आणि त्यामुळेच टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवणे त्या काळी सर्रास होते. डहाणू तालुक्याच्या बाबतीत येथे एक टोचणारा तपशील नोंदवण्यासारखा आहे: १९९५ च्या सुमारास तालुक्यात ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले ते मुंबई उपनगरांसाठी, तर परिसरातील गावे राज्य विद्युत मंडळाच्याच वाहिन्यांवर राहिली. जपानहून थेट आलेल्या फॅमिकॉमची गत आणखी बिकट होती, कारण त्याचा अडाप्टर १०० व्होल्टच्या विजेसाठी बनलेला होता आणि २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की तो धुरात जाई. नवा अडाप्टर जोडतानाही फसगत ठरलेली, कारण फॅमिकॉमच्या पिनेचा मध्यबिंदू ऋण असतो आणि अनेक अडाप्टरांत तो धन असतो.

या सगळ्यांत ज्याला खऱ्या अर्थाने कारागिरीचा फेरफार म्हणता येईल तो म्हणजे एव्ही आउटपुट काढणे. मॉड्युलेटरमधून गेलेले चित्र मळकट होई आणि त्यात तिरप्या रेषांची लहर दिसे. १९९० च्या दशकात रंगीत संचांना आणि व्हीसीआरला पिवळ्या जॅकची चित्रवाट असू लागली, तेव्हा मॉड्युलेटर वगळून चित्र थेट तेथे न्यावे ही कल्पना सुचणे साहजिक होते. चित्राची आयसी आपले चित्र २१ क्रमांकाच्या पायातून बाहेर देते. हा पाय पाटीपासून उचलायचा, म्हणजे पाटीवरील इतर मार्गांतून येणारी खरखर त्यात मिसळत नाही. मग तेथून एक तार पीएनपी ट्रान्झिस्टरला, ट्रान्झिस्टरभोवती दोन-तीन रेझिस्टर, आणि शेवटी २२० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून चित्र जॅकपर्यंत न्यायचे. कंडेन्सर एकदिश वीज अडवतो आणि केवळ बदलता चित्रसंकेत पुढे सोडतो. सुटे भाग मोजून पाच-सहा आणि तेही कोणत्याही बाद टीव्हीच्या पाटीवरून काढता येण्यासारखे. अवघड असतो तो फक्त २१ क्रमांकाचा पाय: तीन दशकांच्या उष्णतेने कथील कडक झालेले असते, आयर्न जास्त वेळ टेकवले तर तांब्याचा मार्ग पाटीवरून सुटतो, आणि किनाऱ्यावरील यंत्रात तो मार्ग आधीच गंजाने पोखरलेला असतो. अशा वेळी ‘जंपर मारणे’, म्हणजे तुटलेल्या मार्गावरून बारीक तारेचा पूल घालणे, हाच उपाय उरतो.

पुढे या नकला अधिक स्वस्त झाल्या आणि दुरुस्तीची वाट बंद झाली. दोन्ही आयसी आणि स्मृती एकाच सिलिकॉन चकतीवर आणून ती थेट पाटीवर चिकटवायची आणि वरून काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकायचा, ही पद्धत रूढ झाली. त्या थेंबाखाली काय बिघडले ते पाहता येत नाही, त्यातला कोणताही पाय उचलता येत नाही, आणि त्या चकतीवर १९९० च्या नकलांतील आयसी बसवताही येत नाही. ‘९९९९९९ इन १’ अशी अजब संख्या मिरवणाऱ्या, प्रत्यक्षात मूठभरच खेळ असलेल्या यंत्रांचा हा काळ. यंत्राची किंमत अडाप्टरच्या किमतीला भिडली आणि ते टाकून दुसरे घेणे स्वस्त ठरू लागले.

तोवर फेरफाराचे केंद्र तबकडीच्या यंत्रांकडे सरकले होते. सोनीचे प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आले. त्याच्या मूळ तबकडीच्या आरंभीच्या भागात मार्गिकेच्या सूक्ष्म हेलकाव्यात एक सांकेतिक शब्द कोरलेला असे. साध्या सीडी रायटरला तो हेलकावा लिहिता येत नसल्याने नक्कल केलेली तबकडी यंत्र नाकारी, आणि एका खंडासाठीची मूळ तबकडीही दुसऱ्या खंडाच्या यंत्रावर चालत नसे. आठ पायांची एक छोटी प्रोग्राम केलेली आयसी यंत्रात जोडून तो शब्द योग्य क्षणी पुरवला की यंत्राची समजूत पटे. ‘चिप मारलेला प्लेस्टेशन’ हा शब्दप्रयोग बाजारात एखाद्या प्रतवारीसारखा रुळला. येथे टीव्ही मेकॅनिकचे जुने ज्ञान कमी पडले. चिपवर कोणता प्रोग्राम घालायचा हे कळायला संगणक लागे, आणि हे काम शहरातील मोजक्या टेबलांवर एकवटले. किनाऱ्यावरच्या मेकॅनिककडे तेच यंत्र येई ते लेन्स वाचत नाही म्हणून. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेसरची गाडी प्लॅस्टिकच्या रुळावर सरकत असे आणि वीजपुरवठ्याच्या उष्णतेजवळ तो रूळ झिजे. यंत्र उलटे ठेवून खेळणे हा त्यावरचा जगभर रूढ झालेला तोडगा होता.

नक्कल केलेल्या तबकड्यांच्या या व्यवहाराला प्रतिकूल कायदा भारतात उशिरा आला. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम घालण्यात आले आणि हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण ओलांडणे दंडनीय ठरले. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या चिपसंबंधी खटल्यात विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला होता. व्होल्टेज, चॅनल किंवा ध्वनिलहर जुळवण्यासाठी केलेला फेरफार आणि चोरीची तबकडी चालवण्यासाठी केलेला फेरफार यांत फरक करणे आवश्यक आहे, आणि या विषयावरील लोकप्रिय लेखनात तो बहुधा केला जात नाही. पहिल्याविना यंत्राचा उपयोगच नव्हता. दुसऱ्याने कोणाचे तरी उत्पन्न बुडत होते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळ सुरू केले, पण त्याची चौकट शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती उपकरणे अशी चालू मालासाठी आखलेली आहे. ज्याचा निर्माताच अज्ञात आहे अशा तीस वर्षांपूर्वीच्या नकली यंत्राला त्यात जागा नाही.

एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि लॅमिंग्टन रोडची खेप सोपी झाली, पण ज्यासाठी ती करायची ते सुटे भाग त्या रस्त्यावर आता क्वचितच मिळतात. यूएमसीच्या आयसी नव्याने बनत नाहीत, म्हणून जुन्या यंत्रांचे हौशी दुरुस्तीकार बाद पाट्या जपून ठेवतात आणि एकीतून काढून दुसरीत बसवतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, ज्यांतील द्राव कालांतराने सुकतो, ते आधी बदलले जातात, मग रेग्युलेटर, मग खाचा. यानंतर प्रश्न उरतो पडद्याचा. या यंत्रांचे चित्र एकाआड एक रेषा गुंफलेले नसते. प्रत्येक वेळी त्याच ३१२ रेषा त्याच जागी रंगवल्या जातात. नवे सपाट संच या संकेताला जुने गुंफलेले चित्र समजतात, हलत्या आकृत्यांच्या कडा दातेरी करतात किंवा चित्र मुळीच स्वीकारत नाहीत. नेमबाजीच्या खेळांची प्रकाशबंदूक तर त्यांच्यावर चालतच नाही, कारण ती इलेक्ट्रॉनच्या शलाकेने पडद्याचा ठरावीक भाग ज्या क्षणी उजळतो तो क्षण पकडून नेम ठरवते, आणि सपाट पडद्यावर अशी शलाका नसते. म्हणून दुरुस्त केलेल्या टीव्ही गेमसोबत आता एक चालू अवस्थेतील जुना नळीचा संचही शोधला जातो, आणि किनाऱ्यावरच्या घरातून आलेल्या अशा संचाचा मागचा डबा काढल्यावर पहिले काम असते ते उच्चदाबाच्या टोपीखाली साचलेला खारट मळ पुसण्याचे, कारण ओल्या मिठातून हजारो व्होल्ट सहज ठिणगी मारतात.